काउंटरवरची काळी स्क्रीन

गेले काही शनिवार-रविवार मी पुण्यात नव्हतो. शुक्रवारी संध्याकाळची हुतात्मा एक्स्प्रेस पकडायची, रात्री सोलापूर, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला नवी पेठ. तिथं मामाचं चादरी-टॉवेलचं दुकान आहे. होलसेल जास्त, किरकोळ कमी. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत थोडे माग, बाकी माल बाहेरून. दुकानात संगणक १९९६ पासून आहे, म्हणजे माझ्या हातात आला त्याच्या कितीतरी आधी!

त्यावर बिलिंगचा प्रोग्राम आहे तो गावातल्याच एका प्रोग्रामरनं क्लिपरमध्ये लिहिलेला. क्लिपर म्हणजे डॉसवरची डीबेसची चुलत बहीण. काळी स्क्रीन, निळ्या चौकटी, वर तारीख, खाली "एफ-२ पार्टी, एफ-१० सेव्ह". माउसचा संबंध नाही. २०१७ च्या जुलैत जीएसटी आला तेव्हा त्या प्रोग्रामरनं शेवटचा हात फिरवला आणि नंतर तो गाव सोडून गेला. सोर्स कुणाकडेच नाही, फक्त एक्सई.

तरी चाललं होतं. मग २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर बदलले. तोपर्यंत चादरीसारख्या तयार मालाला नगाला हजार रुपयांपर्यंत ५ टक्के आणि वर १२ टक्के असा हिशेब होता. आता अडीच हजारांपर्यंत ५ आणि त्यावर १८. त्या प्रोग्रामरनं 'हजार' आणि 'बारा' हे दोन्ही आकडे थेट कोडात घातलेले. म्हणजे बाराशेची चादर विकली की प्रोग्राम बारा टक्के लावणार आणि अण्णा पेनानं खोडून पाच करणार. त्यातच हार्ड डिस्क करकर करायला लागली. नवा संगणक घ्यावा तर ६४ बिटी विंडोज १६ बिटी डॉसचे प्रोग्राम चालवतच नाही. डॉसबॉक्ससारखे उपाय आहेत, पण त्यानं बारा टक्क्यांचे पाच होत नाहीत.

आता अण्णा. अण्णा काउंटरवर पहिल्यापासून आहेत. घरची भाषा तेलुगू, शाळा तेलुगू माध्यमाची, गिऱ्हाइकांशी मराठी आणि अक्कलकोटकडची पार्टी आली की कानडी. सोलापुरात ह्यात काही विशेष नाही म्हणा. विशेष आहे ते त्यांच्या बोटांत. पार्टीचा कोड तीन आकडे आणि एंटर, मालाचा कोड तीन आकडे आणि एंटर, नग दोन आकडे आणि एंटर, भाव नेहमीचाच असेल तर नुसतं एंटर, शेवटी एफ-१०. एका ओळीच्या बिलाला तेरा कळा. ह्या तेरा कळा मारताना अण्णा स्क्रीनकडे बघत नाहीत. गिऱ्हाइकाकडे बघून "पाव्हणं, टॉवेल नको का?" विचारत असतात. रेल्वेच्या आरक्षणाच्या खिडकीत जुने क्लार्क असेच बघितले असतील तुम्ही.

मामेभावानं दरबदलानंतर एक क्लाउड सॉफ्टवेअर वर्षाच्या भाड्यानं घेतलं. दिसायला छान. पांढरं, गोल कोपऱ्यांचं, मोबाइलवर चालणारं. आणि काउंटरवर रांग लागायला लागली. अण्णा चुकायला लागले. मामेभाऊ म्हणाला, "अण्णाला गोदामात बसवू, इथं कंप्युटरचा कोर्स केलेला पोरगा ठेवू." मामा काही बोलला नाही. मामा बोलला नाही की ते जवळजवळ ठरलंच असं समजायचं. मी म्हटलं, मला चार-पाच वीकएंड द्या.

पहिल्या शनिवारी मी काहीच लिहिलं नाही, अण्णांच्या मागं स्टूल टाकून बसलो. ते म्हणाले, "मी पुढं जातो बे, अन् हे मागंच राहतंय." सगळं दुखणं ह्या एका वाक्यात होतं.

जुन्या डॉस प्रोग्रामात कळ दाबली की ती एका छोट्या रांगेत जाऊन उभी राहते. पीसीच्या बायॉसच्याच रांगेत पंधरा कळा मावतात, क्लिपर वर स्वतःची वेगळी ठेवतो. प्रोग्राम फाइल शोधत असला तरी तुमच्या कळा हरवत नाहीत. तो मोकळा झाला की एकेक करून उचलतो, त्याच क्रमानं. म्हणजे माणूस स्क्रीनच्या पुढं धावू शकतो. युनिक्सच्या टर्मिनलमध्येही हेच. ब्राउझरमध्ये कळ जाते ती ज्या खोक्यात आत्ता फोकस आहे तिथं. पार्टी शोधताना ते खोकं क्षणभर काढून त्याजागी गोल गोल फिरणारं चक्र दाखवलं, की फोकस जातो पानाच्या अंगावर आणि त्या क्षणात मारलेल्या कळा हवेत जातात. अण्णांचे तीन आकडे आणि एंटर असेच हवेत जात होते. मग पुढचं सगळं एकेक घर सरकायचं आणि नगाच्या जागी मालाचा कोड पडायचा. ह्याला ते "चुकायला लागले" म्हणत होते!

तरी मी सुरुवात वेबनंच केली, कारण पोट त्यावर भरतं. रिॲक्ट घेतलं. दोन दिवसांत बिलाचा फॉर्म उभा राहिला, दिसायला त्या भाड्याच्या सॉफ्टवेअरपेक्षा बरा. फोकस कधीच सोडायचा नाही, सगळ्या कळा स्वतःच्या रांगेत घ्यायच्या, यादी आधीच आणून ठेवायची, असं सगळं केलं की ब्राउझरमध्येही अण्णांच्या वेगाला टिकतं. होत नाही असं नाही. पण प्रत्येक पायरीला ब्राउझरशी भांडावं लागतं. एफ-५ म्हणजे पान पुन्हा लोड, एफ-१ म्हणजे मदत, एफ-११ म्हणजे पूर्ण पडदा. त्या अडवता येतात. कंट्रोल-डब्ल्यू मात्र साध्या टॅबमध्ये अडवता येत नाही, अर्धं बिल असताना टॅब बंद! व्ह्यू आणि स्वेल्टमध्ये लिहायला सुटसुटीत वाटतं (मला स्वतःला स्वेल्ट जास्त आवडतं, रिॲक्टवाल्यांनी माफ करावं), पण हे भांडण तिन्हीकडे तेच. ते ब्राउझरचं आहे, फ्रेमवर्कचं नाही.

दुसरी गोष्ट वयाची. क्लिपरचा तो एक्सई जवळजवळ तीस वर्षं चालला. आपल्याकडे काय झालं? अँग्युलरजेएस २०१० साली आलं आणि २०२१ संपताना त्याचा सपोर्ट बंद. व्ह्यू २ चा ३१ डिसेंबर २०२३ ला. रिॲक्टचा प्रकल्प सुरू करायला जे क्रिएट रिॲक्ट ॲप आपण सगळेच वापरायचो, ते रिॲक्टच्याच लोकांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये मोडीत काढलं. पुण्याच्या ऑफिसात दहा जणांची टीम असते, स्थलांतर हे आपलं रोजचंच काम, त्याचा पगारही मिळतो. नवी पेठेत टीम म्हणजे मी, आणि मी महिन्यातून दोनदा येणार.

म्हणून टर्मिनलकडे वळलो. इथं हल्ली पुष्कळ चांगलं काम झालंय. मुळात कर्सेस ही लायब्ररी १९८० च्या आसपासची, 'रोग' नावाच्या खेळामुळं गाजलेली. तिचा आजचा मुक्त अवतार म्हणजे एनकर्सेस. सी मध्ये लिहायची तयारी असेल तर दगडासारखी भक्कम आहे, पण फॉर्म बांधायचे म्हणजे विटा भाजण्यापासून सुरुवात. रस्टमधलं रॅटाटुई २०२३ साली जुन्या टीयूआय-आरएसमधून फुटून निघालं. चित्र सुंदर काढतं, पण काढण्याचंच काम करतं. कळा वाचणं, कुठल्या खोक्यात आहोत ते लक्षात ठेवणं हे तुमच्याकडे. आलेख दाखवायचे असते तर घेतलं असतं. इंक म्हणजे टर्मिनलमधलं रिॲक्ट. कल्पना गमतीची, पण एका बिलाच्या फॉर्मसाठी दुकानातल्या संगणकावर नोड आणि त्याचं सगळं बिऱ्हाड नेऊन बसवायची माझी तयारी नव्हती.

खरी चुरस टेक्स्चुअल आणि बबल टीमध्ये. टेक्स्चुअल पायथनमधलं. तयार तक्ते, खोकी, याद्या, आणि दिसण्यासाठी सीएसएससारखीच फाइल. वेबवाल्याला अर्ध्या तासात घरचं वाटतं, आणि तीच स्क्रीन ब्राउझरमध्येही दाखवता येते. त्यामागची कंपनी २०२५ मध्ये बंद झाली, पण परवाना एमआयटीचा, मूळ लेखक अजून त्यात आहे आणि कोड आपल्या हातात आहे. सोर्स हातात असणं म्हणजे काय, हे ज्याचा प्रोग्रामर गाव सोडून गेलाय त्याला विचारा. (क्लिपरचा सोर्स असता तर हार्बर नावाचा ओपन सोर्स कंपायलर आहे, १९९९ पासूनचा. जुना क्लिपर कोड तो आजच्या लिनक्सवर चढवतो. कुणाकडे असा सोर्स पडून असेल तर जरूर बघा.)

बबल टी गो भाषेतलं, चार्म ह्या कंपनीचं. त्याची पद्धत एल्म भाषेतून घेतलेली आहे. एका जागी सगळी स्थिती, एक फंक्शन आलेला निरोप बघून स्थिती बदलतं, दुसरं ती स्क्रीनवर काढतं. प्रत्येक कळ हा एक निरोप, आला त्या क्रमानं. पार्टी आणि मालाच्या याद्या मी मेमरीतच ठेवल्या, म्हणजे थांबायचं कारणच उरलं नाही. अण्णा कितीही पुढं धावले तरी कळ हरवत नाही. शेवटी मी बबल टी घेतलं ते एका साध्या कारणानं. बांधल्यावर एकच फाइल होते. ती पेन ड्राइव्हवरून कॉपी केली की झालं. टेक्स्चुअलची खोकी जास्त चांगली आहेत, हे मी आजही म्हणेन. पण दुकानातल्या मशीनवर पायथनची आवृत्ती कोण सांभाळणार? डेटा एसक्यूलाइटच्या एका फाइलमध्ये. ते लोक २०५० पर्यंत सांभाळायचा इरादा जाहीर करून बसलेत, आपलं तेवढ्यात भागेल.

दुसऱ्या वीकएंडला अण्णांनी त्यावर बिल केलं, तेरा कळांत. कोड जुनेच, एफ-२ आणि एफ-१० तिथंच. फक्त मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर त्यांना पांढरा उजेड सोसत नाही म्हणून काळ्यावर पिवळी, मोठी अक्षरं केली. "हां," म्हणाले, एवढंच.

इथं गोष्ट संपली असती तर मी हे लिहायला बसलोच नसतो. मामाला मराठी हवं होतं.

जुन्या प्रोग्रामात सगळी नावं इंग्रजी कॅपिटलमध्ये. एकच आडनाव तीन प्रकारे लिहिलेलं, म्हणून एकाच पार्टीचे तीन कोड आणि तीन उधाऱ्या. मामा म्हणाला, आता नवं करतोयस तर नावं आपल्या अक्षरात कर. मी टर्मिनलमध्ये 'क्षीरसागर' टाइप केलं आणि चौकटीची उजवी भिंत वाकली.

कारण असं. टर्मिनल म्हणजे मुळात चौकटीचा कागद. एका घरात एक अक्षर. आता 'क्षीरसागर' मोजा. युनिकोडच्या हिशेबानं त्यात नऊ चिन्हं आहेत: क, हलन्त, ष, दुसरी वेलांटी, र, स, काना, ग, र. डोळ्याला दिसतात पाच अक्षरं. आणि घरं किती लागतील? हलन्ताला शून्य घरं ह्यावर एकमत आहे, पण काना आणि वेलांटीला काही तक्ते एक घर देतात, काही शून्य. म्हणजे एकीकडे उत्तर आठ, दुसरीकडे सहा. प्रोग्राम एक तक्ता मानतो, टर्मिनल दुसरा, फॉन्ट दोघांचंही ऐकत नाही, आणि भिंत वाकते. पहिली वेलांटी तर आणखी वाईट. ती साठवली जाते व्यंजनानंतर आणि दिसायला हवी आधी. साध्या टर्मिनलला हे माहीतच नसतं. लिनक्सच्या मूळ कन्सोलमध्ये फॉन्टमधली जास्तीत जास्त ५१२ चिन्हं बसतात, तिथं जोडाक्षरांचं नाव काढू नका. एमएलटर्मसारखे टर्मिनल ह्यासाठी कष्ट घेतात, पण मला भिंत सरळ हवी होती आणि तीही तीन लिप्यांत.

गंमत म्हणजे हे कोडं पुण्यात एकदा सुटलं होतं. सी-डॅकचं जिस्ट कार्ड! तंत्राची सुरुवात आयआयटी कानपूरची, पुढं १९८८ नंतर सी-डॅकनं ते वाढवलं. संगणकात एक कार्ड बसवायचं, की डीबेससारखे डॉसचे प्रोग्राम न बदलता देवनागरी दाखवायचे. अक्षरं जोडायचं काम कार्ड करायचं. त्याखाली इस्की नावाचं कोडिंग होतं, १९९१ साली ते भारतीय मानक झालं. त्यात 'क' चा क्रमांक देवनागरीत जो, तोच तेलुगूत आणि तोच कानडीत. म्हणजे डेटा एकच, फक्त लिपी बदलून बघायचा. सोलापुरासाठीच बनवलंय असं वाटावं!

युनिकोडनं भारतीय लिप्यांची मांडणी इस्कीवरूनच घेतली, फक्त प्रत्येक लिपीला वेगळी आळी दिली. पण घरांचा क्रम तोच राहिला. म्हणून आजही देवनागरीच्या क्रमांकात ७६८ मिळवले की तेलुगू अक्षर येतं, ८९६ मिळवले की कानडी. 'क' २३२५, तेलुगू 'क' ३०९३, कानडी ३२२१. करून बघा.

मग ठरवलं, टर्मिनलला अक्षरांचा त्रासच द्यायचा नाही. काउंटरवर दोन पडदे केले. अण्णांच्या हाताखाली काळी स्क्रीन, तिथं आकडे, कोड आणि रोमन नावं. शेजारी जुना मॉनिटर, त्यावर ब्राउझर. अण्णांनी कोड मारला की त्या पार्टीचं नाव, बाकी उधारी आणि माल शेजारी मोठ्या अक्षरात उमटतो, मराठी, तेलुगू, कानडी, हवं त्या लिपीत. ब्राउझरमध्ये अक्षरं जोडायचं काम हार्फबझ करतं, फायरफॉक्स असो वा क्रोम, आणि ते इतकं चोख करतं की आपल्याला ते आहे हे कळतही नाही. ह्या पडद्याला टाइपच करायचं नाही, म्हणून फोकसची कटकट नाही. रिॲक्ट इथून काढून टाकलं. एचटीएमएक्स पुरलं. सर्व्हरनं तयार एचटीएमएलचा तुकडा पाठवायचा, ते पानात जागेवर बसवतं. कॉम्प्रेस केल्यावर वीस केबीच्या आतली एक फाइल, बांधणी नाही, पॅकेजांचं जंगल नाही. ज्या पडद्यावर फार काही घडत नाही त्यावर रिॲक्ट लावणं म्हणजे शेंगा फोडायला घण. हे माझं मत, ऑफिसात सांगू नका.

मामेभावाचंही सांगायला हवं, कारण तो अगदीच चूक नव्हता. त्याचं म्हणणं होतं की तो हैदराबादला माल दाखवायला गेला की गोदामात किती नग आहेत ते त्याला फोनवर दिसायला हवं. हे काळ्या स्क्रीनमधून होणार नाही. तेच एचटीएमएक्सचं पान आता त्याच्या मोबाइलवर उघडतं. "गिऱ्हाईक काळी स्क्रीन बघून हसतंय" हा मुद्दा मात्र त्यानं सोडलेला नाही. आता गिऱ्हाइकाच्या बाजूला रंगीत पडदा आहे, त्यामुळं तो थोडा शांत आहे. भाड्याचं सॉफ्टवेअर पुढच्या वर्षी घ्यायचं नाही असं मामानं परवा जेवताना, चटणी मागता मागता, सांगून टाकलं. पोरग्याचा विषय पुन्हा निघाला नाही.

तेलुगू यादी अण्णांना दाखवली तेव्हा ते पोट धरून हसले. मराठीत आपण 'क्षीरसागर' लिहितो आणि शेवटचा 'र' पाय मोडल्यासारखा म्हणतो. तेलुगूत लिहिलं तसं वाचतात, शेवटच्या 'अ'सकट. ७६८ मिळवून आलेलं प्रत्येक नाव असं लांबलेलं, "पवाऽऽर" थाटाचं. शिवाय 'ऑ' ला तेलुगूत घरच नाही, त्यामुळं नावातल्या ऑफिस-बिफिसच्या जागी रिकामे चौकोन. अण्णा म्हणाले, "छापून दे, मी करतो." लाल पेन घेऊन बसले आणि जिथं पाय मोडायचा तिथं मोडत गेले. काउंटरवर गिऱ्हाईक नसेल तेव्हा आताही तेच चाललंय. शंभरेक नावं झालीत, मोठा ढीग बाकी आहे.

माझ्याकडे दोन कामं आहेत. डॉट मॅट्रिक्स प्रिंटरला मराठी बिल चित्र म्हणून पाठवावं लागतं आणि ते इतकं सावकाश उमटतं की रांग पुन्हा लागेल, त्याचं काहीतरी करायला हवं. आणि अण्णांना एफ-७ दाबल्यावर गिऱ्हाइकानं मागच्या वेळी नेलेला माल दिसायला हवा आहे. तो जुन्या प्रोग्रामातही नव्हता. तीस वर्षं मनात होतं म्हणे, कुणी विचारलं नाही.